घोड्यावर काय लादायचं

बिरूअण्णांनी माझा पहिला प्रोग्राम वाचला नाही, तोलला.

त्या काळी प्रोग्राम हातात धरता यायचा. एकेक सूचना एकेका जाड कार्डावर भोकं पाडून लिहायची, अशी शेकडो कार्डं ट्रेमध्ये ओळीनं उभी करायची आणि यंत्राला भरवायची. माझ्या ट्रेमध्ये सातशे कार्डं होती. मी म्हसवडच्या शाळेत शिकलेली, साताऱ्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झालेली, आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. दीड महिना खपून मी तो प्रोग्राम रचला होता. कोणत्या गावात कुणाच्या उसाची लागण कधी झाली, याची यादी तो छापायचा. अण्णांनी ट्रे दोन्ही हातांनी उचलला, बाजारात कोकरू उचलून बघतात तसा एकदा वरखाली केला आणि टेबलावर ठेवला.

"जड हाय," ते म्हणाले. "ह्यातली कामाची किती?"

"सगळीच कामाची आहेत."

"बरं. पहिली साठ काय करत्यात?"

पहिली साठ कार्डं यादीच्या सुरुवातीला चांदण्यांची चौकट छापत होती आणि चौकटीच्या मधोमध साखर कारखान्याचं नाव. मला त्या चौकटीचा फार अभिमान होता.

"ही यादी कोण वाचणार?"

"कारखान्याचे लोक."

"मग त्यास्नी कारखान्याचं नाव कशापायी सांगायचं? इसरल्यात व्हय?"

मला राग आला. संध्याकाळपर्यंत त्यांनी माझ्याच हातांनी माझी कार्डं काढवली. त्यांनी स्वतः एकही काढलं नाही. एकेका सूचनेवर बोट ठेवून फक्त विचारायचे, "हिला कोण बोलावतंय?" कुणीच बोलावत नाही, म्हणजे यादीचं तिच्यावाचून अडत नाही, असं दिसलं की कार्ड बाजूला. शेवटी दोनशे बारा उरली. यादी तीच आली. चौकट तेवढी नव्हती, आणि ती नाही हे मी सोडून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे सगळं माधवनगरला, एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये. सत्तरच्या दशकाचा मधला काळ. आसपासच्या काही सहकारी संस्थांनी मिळून तिथं संगणक केंद्र काढलं होतं. यंत्र जुनं, दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं. त्याच्या स्मृतीत सोळा हजार अक्षरं मावायची. आज घड्याळातसुद्धा त्याहून जास्त मावत असतील. पण त्याला लागणारा गारवा मात्र राजेशाही होता. खिडक्या बंद करून बसवलेलं वातानुकूलन बघायला संस्थांचे सभासद सहकुटुंब येत आणि "साहेब, जरा गार बसून जातो" म्हणत. आम्ही स्वेटर घालून काम करायचो. अण्णा काळं घोंगडं पांघरून बसायचे. उंच, सुकलेला माणूस, पांढऱ्या मिशा, खाकी सदरा आणि त्यावर घोंगडं. नवीन येणारा प्रत्येक जण त्यांना राखणदार समजून आधी त्यांच्याच हातात छत्री द्यायचा. ते छत्री घेऊन कोपऱ्यात नीट उभी करायचे आणि परत येऊन यंत्रासमोर बसायचे.

बिरू काळेल हे त्यांचं नाव. माण तालुक्यातले, मेंढरांमागं वाढलेले. मॅट्रिक नापास झाल्यावर सैन्यात गेले. तिथं आधी खेचरांच्या कंपनीत होते, मग पाय अधू झाला म्हणून कचेरीत कार्डांच्या यंत्रावर बसवलं. केंद्रातही कागदोपत्री ते ऑपरेटरच होते, पण त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुठला प्रोग्राम यंत्रात जात नसे. खेचर आणि कार्डांचं यंत्र यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे. "दोघांस्नीबी शिव्या कळत न्हाईत," ते म्हणायचे. "जास्ती लादलं की बसत्यात, एवढंच."

लादणं हा त्यांच्या बोलण्यातला सगळ्यात जवळचा शब्द होता. तो आईकडून आलेला. पाऊस संपला की त्यांचं कुटुंब मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मुलखाकडं निघायचं आणि सगळा संसार एका घोड्यावर असायचा. घोडं लादायचं काम आईचं. ती रोज पहाटे सगळं सामान जमिनीवर मांडायची आणि एकेका वस्तूला हात लावून विचारायची, "काल तुला कुणी हात लावला?" लागोपाठ तीन दिवस हात न लागलेली वस्तू वाटेतल्या गावात देऊन टाकायची. आणि तवा सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर. कारण संध्याकाळी मुक्कामाला उतरल्यावर पहिला तोच लागतो.

"माझ्या आईला अक्षरवळख नव्हती," अण्णा म्हणायचे. "पर तिचं घोडं कवा बसलं न्हाई."

त्यांच्या टेबलाला खण नव्हता. असलेला त्यांनी काढून टाकला होता, कारण खणात गेलेलं काम परत येत नाही. पेन्सिल एकच, बोटाएवढी. नवा कागद त्यांनी कधी घेतला नाही. छापून फुकट गेलेल्या कागदांच्या पाठीवर लिहायचे. दुपारच्या जेवणाला दीड भाकरी आणि खर्डा. पाणी प्यायला मात्र व्हरांड्यात जायचे. यंत्राच्या खोलीत पाण्याचा तांब्या आणलेला त्यांना चालत नसे, आणि या बाबतीत ते कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनासुद्धा उठवायचे.

एक गोष्ट त्यांनी मी येण्याआधीच केली होती. यंत्र अडलं की इंग्रजीत एक आकडा छापायचं. तो आकडा घेऊन आमचा ऑपरेटर हिंदुराव कपाटापर्यंत जायचा, जाडजूड पुस्तक काढायचा, आकडा शोधायचा, इंग्रजी वाक्य वाचायचा आणि मग माझ्यासारख्या कुणाला तरी त्याचा अर्थ विचारायचा. यंत्राला देवनागरी येत नव्हती. म्हणून अण्णांनी रोमन लिपीतच मराठी छापायला लावलं. "हे कार्ड उलटं घातलंय, सरळ घाल." "गावाचा नंबर चुकलाय, यादी बघ." पुस्तक कपाटातच राहिलं. हिंदुराव म्हणायचा, "पूर्वी यंत्र साहेबागत बोलायचं. आता मुकादमागत बोलतंय. निदान कळतं तरी."

पण खरी कसोटी आली ती उसाच्या तोडणीवरून.

कारखान्याकडे हजारो शेतांचा ऊस नोंदलेला असतो आणि तो सगळा एकदम तोडता येत नाही. पाळी लावावी लागते. पाळी चुकली, ऊस उशिरापर्यंत उभा राहिला, की त्याला तुरा येतो, तो आतून पोकळ पडतो आणि वर्षभराची मेहनत वाळून जाते. ही पाळी लावायला कारखान्यानं मुंबईच्या सल्लागारांकडून एक प्रोग्राम करून घेतला होता. त्याची कार्डं आठ ट्रे भरून होती. बासष्ट प्रकारचे अहवाल. जातीप्रमाणे, गावाप्रमाणे, जमिनीच्या पोताप्रमाणे, विहिरीच्या खोलीप्रमाणेसुद्धा. आमच्या यंत्रात तो एकदम मावायचा नाही, तुकड्यातुकड्यांनी भरावा लागायचा. एका कार्डावर एक रकाना जरी रिकामा दिसला तरी ते कार्ड बाहेर फेकायचा.

गेल्या हंगामात पाळ्यांचा गोंधळ झाला होता. सल्लागारांचं म्हणणं, दोष प्रोग्रामचा नाही, यंत्राचा. यंत्र लहान आहे, काम मुंबईला मोठ्या यंत्रावर न्यावं. तसं झालं असतं तर माधवनगरचं केंद्र बंदच पडलं असतं. मला दुसरी नोकरी मिळाली असती, हातात पदवी होती. अण्णांना कुणी उभं केलं नसतं. ते त्यांना ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "मला एक पावसाळा द्या." कार्यकारी संचालकांनी दिला. हंगाम सुरू होताना दोन्ही प्रोग्राम संचालकांसमोर चालवायचे आणि जो सरस ठरेल तो ठेवायचा, असं ठरलं.

मला वाटलं, आता अण्णा पेन्सिल घेऊन बसतील. त्यांनी मला एसटीत बसवलं आणि कृष्णाकाठच्या एका गावाला नेलं. तिथं तानाजी नावाचा चिटबॉय होता. उद्या कुणाचं शेत तोडायचं, याची चिठ्ठी शेतकऱ्याला आणि टोळीच्या मुकादमाला नेऊन द्यायची हे चिटबॉयचं काम. नाव बॉय असलं तरी तानाजी चाळिशीचा होता, नववीपर्यंत शिकलेला, तीन लेकरांचा बाप.

"यादी कशी वापरतोस ते दाव," अण्णा म्हणाले.

तानाजी ओशाळला. त्यानं सायकलच्या कॅरिअरवरून गेल्या हंगामातली मुंबईच्या प्रोग्रामची यादी काढली. हातभर रुंदीचा कागद होता, पण त्यानं तो उभा घड्या घालून चार बोटांचा केला होता आणि घड्या सुटू नयेत म्हणून त्याला बाभळीचा काटा टोचला होता. वर तीनच रकाने दिसत होते. कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं.

"चुकलं का माझं, अण्णा? सायबाचा कागद मोडला."

"आत काय हाय?"

"असंल कायतरी. मी काय आत बघितलं न्हाई बा."

"आन् हे पेन्सिलीनं काय लिवलंस?"

"शेताचं नाव. आवं, गावात सोळा जण एकाच नावाचे. गट नंबर कुणाच्या ध्यानात असतोय? वडाचं शेत म्हनलं की झालं. मळीचा तुकडा म्हनलं की मुकादम डोळं झाकून जातो."

अण्णा तो घडी घातलेला कागद हातात घेऊन बांधावर बसले. मग मला म्हणाले, "बघितलंस? प्रोग्राम हेनं करून ठेवलाय. आपुन नुसता छापायचा."

तानाजीला वाटलं त्याची चेष्टा चाललीय. अण्णांनी तो कागद त्याच्याकडून मागून घेतला, काट्यासकट. पावसाळाभर तो त्यांच्या टेबलावर होता.

अण्णांनी काढायला सुरुवात केली तेव्हा विहिरीची खोली गेली, जमिनीचा पोत गेला. बासष्ट अहवालांतले साठ गेले. मुंबईच्या प्रोग्राममध्ये 'विशेष प्राधान्य' नावाचा एक रकाना होता. तिथं खूण केली की ते शेत पाळी सोडून वर यायचं. कुणासाठी, ते कुणी विचारत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. तोही गेला. मी म्हटलं, "अण्णा, हा काढू नका, हा अंगावर येईल." ते म्हणाले, "तानाजीच्या घडीच्या आत होता. काढ."

पण मला खरं नवल वाटलं ते त्यांनी एक गोष्ट घातली तेव्हा. शेताचं नाव. बारा अक्षरं, प्रत्येक कार्डावर. त्यासाठी गावोगावच्या चिटबॉयांना बसवून हजारो शेतांची नावं लिहून घ्यावी लागली. मी वैतागून म्हटलं, तुम्ही तर सगळं काढणारे, मग हे ओझं कशाला? त्यांनी घोंगडं सावरलं. "हा तवा हाय गं. हा न्हाई घेतला तर उतरून काय करशील?"

त्यांनी आणखी एक उद्योग केला, तो मला तेव्हा पोरकट वाटला. शेतांची कार्डं गावागावांनी लावून त्यांनी प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर रंगाचा पट्टा ओढला. एका गावाला तांबडा, एकाला निळा, एकाला हिरवा, एकाला पिवळा, एकाला दुहेरी. "मेंढरांस्नी आमी असाच रंग लावतो," ते म्हणाले. "दोन कळप मिसळले तरी लांबून वळखू येत्यात."

परीक्षेचा दिवस उजाडला. संचालक मंडळी शालीत गुंडाळून गार खोलीत बसली. सल्लागार साहेब मुंबईहून आले होते. आल्याबरोबर त्यांनीही अण्णांच्या हातात छत्री दिली. माणूस वाईट नव्हता, हुशार होता. फक्त आपला प्रोग्राम काय काय करू शकतो हे सांगताना तो थकत नसे, आणि ऐकणारे थकत.

सकाळी आठला त्यांचा प्रोग्राम सुरू झाला. दुपारी एकला संपला. कागदाचा ढीग गुडघ्याच्या वर गेला. मग आमचा लावला. पाऊण तासात बोटभर जाडीचा कागद आला, तोही अरुंद, चिठ्ठीच्या मापाचा.

इथं मला वाटलं आपण जिंकलो. उलटंच झालं. संचालकांमधले सगळ्यात वयस्क आबासाहेब त्या मोठ्या ढिगावर हात ठेवून म्हणाले, "ह्याला काम म्हनत्यात. आन् हे काय? ह्यात काम केलेलं दिसतच न्हाई." बाकीच्यांनी माना हलवल्या. सल्लागार नम्रपणे हसले. मी अण्णांकडं बघितलं नाही, बघवलं नसतं.

तेवढ्यात कारखान्याचा फोन आला. कालव्यावरची मोरी एका भरलेल्या ट्रकखाली खचली होती. पलीकडच्या तीन गावांचा रस्ता बंद. उद्याच्या यादीत निम्मी तोड त्याच गावांची होती. नवी पाळी सूर्य मावळायच्या आत गावोगाव गेली नाही, तर उद्या गव्हाणीत, मिलच्या तोंडाशी, ऊस पडणार नव्हता आणि चालू मिल थांबली असती. दोनच दिवसांमागं मोळी टाकून हंगाम सुरू झालेला.

कार्यकारी संचालक उठून उभे राहिले. "साहेब, नवी यादी किती वेळात?"

सल्लागारांनी वही उघडली. "रस्त्यांची कार्डं नव्यानं पाडावी लागतील. मग सगळं पुन्हा चालवायचं. उद्या सकाळी..."

"उद्या सकाळी नको. आज. अण्णा?"

अण्णा तोवर उठलेही होते. ते ट्रेवर वाकले, वरून बघितलं, आणि तांबडा, निळा आणि दुहेरी असे तीन पट्टे बोटांनी चिमटून गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर काढले. हिंदुरावाच्या हातात देत म्हणाले, "ही मेंढरं बाजूला बांध. मोरी झाली की परत सोडू." उरलेली कार्डं त्यांनी यंत्राला घातली. मधे एकदाच यंत्र थांबलं. छापलं, "हे कार्ड उलटं घातलंय, सरळ घाल." हिंदुरावानं वाचलं, सरळ घातलं. सल्लागार साहेब वाकून तो कागद बघत राहिले.

साडेतीनला चिठ्ठ्या चिटबॉयांच्या हातात होत्या. उद्याच्या चिठ्ठ्या न्यायला व्हरांड्यात सायकली टेकवून ते थांबलेच होते. तानाजीनं आपली चिठ्ठी घेतली, सवयीनं घडी घालायला गेला आणि थबकला. घडी घालायला काही नव्हतंच. बाजूला पेन्सिलीनं लिहायलाही काही उरलं नव्हतं. तो माझ्याकडं बघून हसला आणि सायकलवर टांग टाकून गेलासुद्धा.

आबासाहेबांनी दुसऱ्या एका चिटबॉयाला आत बोलावलं. "माझ्या गावचं वाच."

त्यानं वाचलं. वडाचं शेत, मळीचा तुकडा, बारा बिघे. पुढच्या आठवड्यांची पाळीही खाली होती. आबांचा वरचा मळा तिसऱ्या आठवड्यात होता.

"तिसऱ्या?" आबा अण्णांकडं वळले. "मुंबईच्या कागदात मी पहिल्या आठवड्यात हाय. तो रकाना कुठं गेला?"

"काढला, आबा," अण्णा म्हणाले. "यंत्राला संचालक कळत न्हाई. लागणीची तारीख तेवढी कळती."

आबांनी शाल नीट केली. "म्हंजी माझ्या चुलतभावालाबी कळत न्हाई म्हना."

"न्हाई."

"त्याच्या व्याह्याला?"

"कुणालाच न्हाई, आबा."

आबांनी मघाशी मोठ्या ढिगावर ठेवलेला हात आता त्या बोटभर जाडीच्या कागदावर ठेवला. "मग झ्याक हाय की. हेच ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून कामावर जात होते. कारखान्याकडं जाणारी गाड्यांची रांग रस्त्यात लागली. मी मुद्दाम उतरून चालले, कोणत्या गावच्या गाड्या ते विचारत. हिरव्या पट्ट्याचं गाव. पिवळ्याचं. आणि पुढं पुन्हा हिरव्याचं. मिल एक घटकाही थांबली नव्हती. केंद्रात पोचले तर अण्णा घोंगडं पांघरून कागदाच्या पाठीवर काहीतरी खरडत होते. मी गाड्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "व्हय? मग आज आनखी दोन कार्डं काढू. काल ती कुणी बोलावली न्हाईत."

त्या हंगामात कुठल्याच गावात तुरा आलेला ऊस उभा राहिला नाही. केंद्र टिकलं. कार्यकारी संचालकांनी अण्णांना ऑपरेटरच्या यादीतून काढून प्रोग्रामरच्या यादीत घातलं, मॅट्रिक नापास असताना. पुढच्या पावसाळ्यात मुंबईहून सल्लागार साहेबांचं पत्र आलं. हा प्रोग्राम इतर कारखान्यांसाठी मिळेल का? अण्णांनी मला उत्तर लिहायला सांगितलं. मजकूर एका ओळीचा होता: "खुशाल न्या, पण एक कार्ड घालायचं झालं तर आधी एक काढून दाखवा." साहेबांनी अट मान्य केली. मी म्हटलं तसा तो माणूस वाईट नव्हता.

नंतर माझं लग्न झालं आणि मी साताऱ्याला आले. तिथं नोकरी मिळाली ती त्या दोनशे बारा कार्डांच्या शिदोरीवर. अण्णांना मी शेवटचं बघितलं ते साताऱ्याच्या एसटी स्टँडवर, दशक संपत आलं होतं तेव्हा. खाकी सदरा, घोंगडं खांद्यावर, काखेत धडप्यात बांधलेलं एक लांबट गाठोडं. तिकडच्या एका कारखान्यानं त्यांना बोलावलं होतं. चौथा कारखाना, ते म्हणाले. मी पाया पडले. त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. नव्या यंत्रात किती मावतं ते विचारलं. मी आकडा सांगितला. माझी कीव आल्यासारखी त्यांनी मान हलवली. "एवढी जागा दिली म्हंजी घरात अडगळ व्हनारच. जपून ऱ्हा."

गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ते गाठोडं टपावर टाका."

"न्हाई रं गड्या. हे मांडीवरच."

"आवं, माणसं उभी हायत. जड असंल, द्या इकडं." त्यानं गाठोडं उचललं आणि चकित होऊन पुन्हा एकदा वरखाली केलं. "लय हलकं हाय की. काय हाय ह्यात?"

"चार कारखान्यांची तोड," अण्णा म्हणाले.

"एवढ्याशात?"

"व्हय," अण्णा पायरीवर पाय ठेवत म्हणाले. "एवढंसं करायलाच तर एवढी वरसं गेली."

त्यांनी गाठोडं परत घेतलं, खिडकीशी बसले, ते मांडीवर ठेवलं आणि वर घोंगड्याची घडी टाकली. घडी सुटू नये म्हणून तिला काहीतरी टोचलेलं होतं. गाडी वळली तेव्हा मला ते नीट दिसलं. बाभळीचा काटा होता.